विहीणबाईंना, बडोद्याहून आल्यावर

पांडेसरा, सुरत
२० जानेवारी १९९७

सौ. रुक्मिणीबाईंना प्रमिलाचा नमस्कार. व्याहीबुवांनाही सांगा.

तुम्ही पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. दोन फुटले होते, ते मीच आधी खाल्ले. सुषमाचा खोकला गेला. साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी येतं, ते आम्ही दोघी करतो. तिचा हात भरभर चालतो, माझे डोळे मागे पडतात. माझी काही काळजी करू नका.

काल बडोद्याला जाऊन आलो. इथल्या खानदेशी मंडळाची सहल होती. पहाटेच्या गाडीने बडोदा, मग स्टेशनाजवळून राजवाडे आणि बागा दाखवणारी बस, दुपारच्या जेवणापर्यंत. सुषमा नको म्हणत होती. मी म्हटलं, मला एकटीला चढउतार जमायची नाही. असं म्हटलं की ती येते, हे मला माहीत आहे.

गाइड म्हातारा होता, तिथलाच. आधी हिंदीत सांगत होता. आमच्या बायकांची अहिराणी कानावर पडली तसा माईक खाली घेऊन म्हणाला, "अहो, आधी नाही का सांगायचं? इथले राजेही मराठीच बोलायचे." मग काय, सगळी बस एकदम सावरून बसली. शेजारच्या सरलाबाईंनी तर डोक्यावरचा पदर नीट केला.

राजवाड्याची फरशी एवढी चकचकीत की पाय ठेवायला जीव होईना. जिन्यापाशी माझे गुडघे अडले. सुषमा लगेच माझ्याजवळ बसली. मी तिला पुढे पाठवलं, "जा, सगळं बघ आणि येऊन मला सांग." ती आली ती बोलतच आली. रंगीत काचा, त्यांतून फरशीवर पडलेलं लाल-निळं ऊन, तलवारी, भिंतीएवढाली चित्रं. हात हलवून हलवून सांगत होती. एका राणीच्या चित्रातली साडी तिला आपल्या टिकलीकामापेक्षा कच्ची वाटली, हेही सांगितलं. जवळ बसलेल्या एका अनोळखी बाईने विचारलं, "लेक का तुमची?" मी हो म्हटलं. लेक सव्वीस वर्षांची आहे, हे त्या बाईच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा मला नव्याने कळलं.

माझ्या ललितला जाऊन तीन वर्षं झाली. त्याचं नाव या पत्रात आणायचं नाही असं ठरवलं होतं. आलंच.

आता जे सांगायचं ते सांगते. आमच्या मागच्या गल्लीत दगा म्हणून एक जण राहतो. धरणगावकडचा, आपल्याच समाजातला. नावाला हसू नका, तुमच्या गावी काय कमी दगा आहेत? डाइंग मिलमध्ये रंगखात्यात आहे. हाताला रोज वेगळा रंग. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. आमच्याकडे पाण्याचा नळ बिघडला की तोच येतो. नळ जरा जास्तच बिघडतो, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

तोही सहलीला होता. बागेत पोचल्यावर बायका पोरांच्या छोट्या आगगाडीत बसायला गेल्या. सुषमालाही ओढून नेलं. मी वडाखाली बाकावर बसले. दगाने पाणी आणून दिलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मी सरळच विचारलं, "दगा, तुझ्या मनात काय आहे?"

तो हाताचा रंग खरवडू लागला. मग म्हणाला, "मावशी, मी तिला विचारलं दिवाळीच्या आधी."

"मग? नाही म्हणाली?"

"नाही म्हणाली नाही."

"मग माझ्याकडे का आला नाहीस?"

"तिनेच अडवलं. म्हणाली, आईले नका इचारू."

"का म्हणून?"

"म्हणाली, त्या हो म्हनतीन."

रुक्मिणीबाई, मी त्या बाकावर बसून रडले. समोरून ती छोटी गाडी गेली, सुषमाने मला हात केला आणि मी पदर तोंडाला लावून दुसऱ्या हाताने तिला हात केला.

परतीच्या रेल्वेत तिच्याजवळ विषय काढला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी गेले की तुम्ही दोन दिवसांचं एकदम शिजवाल आणि शिळं खात बसाल."

मी म्हटलं, "शिळं खाऊन कोणी मरत नाही."

"तुम्ही औषध घेत नाही, आई."

"दगा कोसाडला घर बघतोय. सुरतेतच राहाल. येऊन देत जा."

उधना स्टेशन आलं तेव्हा ती म्हणाली, "अमळनेरची आई हो म्हणाली तर."

म्हणून हे पत्र. व्याहीबुवा दिवाळीत म्हणाले होते, दिल्या घरी पोरगी राहिली की शोभा राहते. त्यांना माझ्याकडून सांगा, या घरात शोभा भरपूर झाली, पोरीला आता संसार हवा. आपल्यात विधवेचा पाट लावायची रीत आजची नाही. आणि सासूच पुढे होऊन मागते आहे, मग लोकांनी तोंड कशाला उघडावं?

माझी काळजी करू नका असं वर लिहिलंय. ते तेवढंसं खरं नाही. संध्याकाळी घरात तिच्या बांगड्यांचा आवाज नसेल, या विचाराने मला आतापासून धडकी भरते. पण ही भीती माझी आहे, तिच्यावर कशाला टाकू? तुम्ही या. स्वतःच्या तोंडाने तिला हो म्हणा.

वाट बघते.
प्रमिला


पांडेसरा, सुरत
२८ एप्रिल १९९७

सौ. रुक्मिणीबाईंना नमस्कार.

तुम्ही गेल्यावर दोन दिवस घर आवरत होते. पाट साधाच लागला, पण चांगला लागला. व्याहीबुवांनी दगाच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मला ललितच्या लग्नातले ते आठवले. वाईट नाही वाटलं. त्यांनी निघताना माझ्या पाया पडायला नको होतं. मी काय मोठं केलं?

सुषमा परवा कोसाडहून आली होती. माझी भांडी उघडून बघितली, शिळं सापडलं, रागावली. मग तिथेच बसून ताजं करून आम्ही दोघी जेवलो. दगाने नळ बघितला. नळाला काही झालेलं नव्हतं.

एक विचारायचं आहे, तुम्हालाच विचारता येईल असं. आता मी तिची सासू नाही, म्हणून तुमची विहीणही नाही. कोण आहे, ते मला ठरवता येत नाही. आखाजी जवळ आली. लेकी माहेरी जातात, झोके बांधतात. सुषमा अमळनेरला येईल, तुमचाच पहिला हक्क आहे. पण तिचे जे काही दिवस माहेरपणाचे असतील, त्यातला एक मला द्याल का? इथे झाड नाही, झोका घराच्या कडीला बांधीन.

तुमच्या होकाराची वाट बघणारी,
सुषमाच्या सुरतेच्या माहेरची
प्रमिला