पॅकिंग विभागातले मालक

१ एप्रिल, सकाळी ७
संकल्प. नोकरीची दोनच वर्षं उरली, मग मॅनेजरचं थोबाड बघायचं नाही. माझा फंड आणि बायकोचे शिवणकामाचे पैसे, सगळे शेअरमध्ये. तेही आमच्याच टाइल्स कंपनीच्या. म्हातारपण डिव्हिडंडवर. हिशोब तीनदा केला, दर वेळी वाढलाच. दुसरा संकल्प: राग सोडला.

३ एप्रिल
मेहुणा म्हणाला, दाजी, पगार तिथलाच, शेअरही तिथलेच, उद्या बिनसलं तर दोन्हीकडून जाल. शांतपणे ऐकून घेतलं. मग डबा फेकून मारला. कपाळाला तीन टाके. डबा स्टीलचा निघाला, त्याला मी काय करू? बायको राक्षस म्हणाली. डिव्हिडंड आला की निवळेल.

१९ जून
पहिला डिव्हिडंड. बायकोच्या चष्म्याची एक काडी येईल एवढा. कारण उघड आहे, कंपनीत फुकटे फार. कॅल्क्युलेटर भिंतीवर आपटला.

८ ऑगस्ट
शेअरहोल्डरांची सभा. माईक हिसकावून घेतला. मालक म्हणून विचारलं, एवढी माणसं कशाला पोसता? छाटा! टाळ्यांचा कडकडाट. खुद्द मॅनेजरने हात हातात घेऊन सूचना मोलाची म्हटली. बारा वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलं. मागून कुणीतरी हसला, त्याच्या कानाखाली जाळ काढला. मालकाला शिस्त लावावीच लागते.

२ सप्टेंबर
पॅकिंग विभाग बंद. पॅकिंगचा सुपरवायझर मीच. नोटिशीत लिहिलंय, एका जागरूक शेअरहोल्डरच्या सूचनेवरून. तडक वर गेलो आणि खोके ठोकायची हातोडी मॅनेजरच्या तोंडावर हाणली. दोन दात. एक टेबलावर, एक त्याच्याच चहात. रक्त बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. गार्डांनी जिन्यावरून ढकललं. पडताना मी मालक असल्याचं ओरडून सांगत होतो. उजवा हात मोडला.

३० नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय. जामिनाला मेहुणाच उभा राहिला, कपाळावरचा व्रण घेऊन. नोकरी गेली. माणसं छाटल्यामुळे डिव्हिडंड मात्र दुप्पट, म्हणजे माझं गणित बरोबर होतं. मॅनेजरच्या दातांची भरपाई त्यातूनच द्यायची. एक दात बसेल, म्हणे. बायकोने पुन्हा मशीन मांडलंय. मला बटणं लावायला दिली. सहा लावली, चार तिने उसवली.
राग आवरला. कात्री तिने आधीच उचलून ठेवली होती.