अबोली रंगाचं टोपडं

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही दुसरीपुढे कुणी शिकवलं नाही, तेव्हा हे लिहिणं म्हणजे नुसता खुळेपणा. पण लेक आत अडली आहे. सकाळपासून कळा देतेय आणि आता ऊन ओट्यावरून खाली उतरलं. मी सारखी आत-बाहेर करते, बडबडते, म्हणून सुईणीने मला खोलीबाहेर काढलं, आणि वर बजावलं, "सुताला हात लावू नको गो बाय. आज घरात नवी गाठ पडता नये, गाठीने बाळंतीण अडते." हातांना काम नसलं की मला भीती जास्त वाटते, तुला ठाऊक आहे. म्हणून साखरेच्या पुडीचा कागद सरळ करून पेन्सिल धरली आहे. तू गेलीस तेव्हा ही रांगत होती. आज तिचीच पाळी आली.

सुताचा नाद मला तूच लावलास. मांडवीच्या त्या घरात जाळ्याचं नवं सूत आलं की तू आधी नाकाला लावायचीस, मग माझ्या. खळीचा तो कोरडा वास अजून आठवतो. ओट्याच्या खांबाला जाळं बांधून तू बसायचीस, आणि तुझी ती बांबूची सुई हाताच्या घामातेलाने अशी गुळगुळीत झालेली की आरशासारखी चमकायची. मी जाळ्याचा एक आस, एक भोक, लहान घातला की वर न बघता सांगायचीस, "मेले, ह्यातून कोळंबी तरी जाईल काय? सोड." मी चिडायची. सोडून पुन्हा घालायची. सूत बोटाला कापायचं आणि तरी सोडवत नसे. एवढं सुख मला कशातच मिळालं नाही, लग्नातसुद्धा नाही. खरं ते सांगते.

आता ऐक, काय केलं ते. जावई मुंबईहून लोकर घेऊन आला. अबोलीचा रंग. हातात घेतली तर मांजराच्या पिल्लाच्या पोटासारखी. जन्मभर खरखरीत सूत ओढलेल्या बोटांना हे असलं मऊ कधी ठाऊकच नव्हतं. शाळेतल्या बाई विणताना मी त्यांच्या ओट्यावर बसून बघितलं होतं. छत्रीच्या दोन काड्या जांभ्या दगडावर घासून टोकं काढली आणि बसले. विचार केला नाही. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, पहिल्यांदा जुन्या लुगड्याच्या फडक्यातच घ्यायचं, हे काय मला कुणी शिकवायला हवं? पण हात थांबेनात. टोपडं झालं तेव्हा शुद्धीवर आले.

ही माझ्या पोटात होती तेव्हा मी कुंची शिवायला घेतली होती, आठवतं? तू दारातून आलीस, माशाची पाटी तशीच खाली टाकलीस आणि माझ्या हातातली कुंची ओढून टाका न् टाका उसवलास. "कुणासाठी शिवतेस? आलं काय ते?" शेजारीण म्हणाली, "अगो, पोटुशीला कशाला रडवतेस?" तू म्हणालीस, "आत्ता रडू दे. मागाहून रडण्यापेक्षा बरं." मी तुझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या आधीचं तुझं पोर जन्मल्या दिवशीच सांजेच्या आत गेलं, आणि त्याचं अंगडं तू आधीच शिवून ठेवलं होतंस, हे मला मावशीने तुझ्या माघारी सांगितलं. उसवताना तुझे हात कापत होते. मी आपली समजत होते, रागाने.

आज सकाळी दोनदा लोकरीचं टोक हातात धरलं. एक ओढ दिली की सारं सरसर सुटलं असतं. पण मग वाटलं, उसवते म्हणजे येणाऱ्याला नको म्हणते काय मी? ठेवलं तरी भीती, उसवलं तरी भीती. तू असतीस तर माझ्या हातातून ओढून घेतलं असतंस आणि मी तुला शिव्या घालत सुटले असते.

आये, आत एकदम गप्प झालंय. लेकीचा आवाज नाही, कुणाचाच नाही.

सुईण हाक मारते आहे, "जुनं लुगडं आण गो, लवकर!" म्हणजे झालं. पण रडणं कुठे आहे? मला अजून ऐकू आलं नाही. तुझं लुगडं धुऊन दांडीवर ठेवलंय, चार पावलांवर. हा कागद जाईल चुलीत. तेवढं एक सांगते आणि उठते. सुईणीने आत जाताना काड्या बघितल्या आणि टोपड्याचं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, उसवलं. नाही उसवलं. मांडीखाली धरून बसले आहे, आणि मला उठवत नाही.