प्रश्न क्रमांक नऊसमोरची माझी खूण खोडू देण्याबाबत

प्रति,
मा. सर्वेक्षण अधिकारी,
शालेय शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : पालक सर्वेक्षणातील प्रश्न क्र. ९ समोर मी केलेली खूण मला माझ्या हाताने खोडू देण्याबाबत.

संदर्भ : "तक्रारीत तथ्य आढळून येत नाही" असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करतो की, मी आपल्याच कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून गेली एकोणीस वर्षे लोकांचे अर्ज व फॉर्म लिहून देत आहे. आपण रोज माझ्यासमोरून आत जाता. सबब अर्ज कसा लिहावा हे मला समजते. तरीही हा अर्ज चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहीत आहे. काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

२. माझी मुलगी पाचवीत शिकते. ती बोलताना अडखळते. शब्द ओठाशी येऊन अडतो, समोरचा थांबला तर येतो. मी थांबत नाही. रिकामी जागा दिसली की भरून टाकायची, हा माझा धंदा आणि हीच माझी खोड. तिचं वाक्य मीच पुरं करतो. तिची आई कितीदा म्हणाली, अहो, पोरीला तिचं तिचं बोलू द्या. मी म्हणायचो, अगं, मदतच करतोय ना.

३. सर्वेक्षणाचा फॉर्म मुलीच्या दप्तरातून घरी आला. प्रश्न क्र. ९ असा होता : "वर्गशिक्षिका, शिपाई व बसमधील मदतनीस आपल्या पाल्याशी आपुलकीने वागतात का?" पुढे 'हो' आणि 'नाही'. माणसं तीन आणि उत्तर एक. वर्गशिक्षिका जीव लावणाऱ्या आहेत. शिपाईकाका पडलेल्या पोराला कडेवर घेऊन येतात. मदतनीस बाईंना मी आजवर पाहिलेलं नाही. तिघांपैकी दोघं चांगली, म्हणून मी 'हो' वर खूण केली. मुलगी माझ्या कोपराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, बसमधल्या बाई म... म... मला..." मी म्हणालो, "खिडकीशी बसू देत नाहीत, होय ना? मग बस आतल्या बाजूला." फॉर्मची घडी करून मीच तिच्या दप्तरात ठेवली आणि तो तिने त्याच बसमधून शाळेत नेला.

४. खरा प्रकार मला शेजारच्या इस्त्रीवाल्या ताईंकडून कळला, त्यांना त्यांच्या मुलाने सांगितला. उतरण्याआधी मदतनीस बाई प्रत्येक मुलाकडून त्याच्या थांब्याचं नाव म्हणवून घेतात. माझ्या मुलीला ते म्हणता येत नाही. म्हण, मगच उतर, असं बाई म्हणतात. पोरं हसतात. बस पुढे निघते. शेवटच्या थांब्यावर तिला उतरवतात आणि तिथून ती वीस मिनिटं चालत घरी येते. उशीर का होतो म्हणून मी तिला दोनदा रागावलो होतो, हेही नमूद करतो.

५. मी तक्रार केली. त्यावर आपण कळविलेत की, सदर बसच्या सत्तावीसपैकी सत्तावीस पालकांनी प्रश्न क्र. ९ ला होकार दिला आहे. साहेब, माझी पंचाईत इथेच आहे. ते सत्तावीसही फॉर्म मी भरलेत. आमच्या गल्लीत कुणी गवंडी, कुणी स्वयंपाकी, कुणी रात्रपाळीचा. सगळे म्हणाले, भाऊ, तुमचा भरलात तसाच आमचा भरा. मी एका बैठकीत, एकाच पेनाने भरले. एकाच हाताचे सत्तावीस होकार तुमच्याकडे कुणाला दिसले कसे नाहीत, असं विचारायला मी जिना चढलोही होतो. अर्ध्यातून परत आलो. मला माझ्या घरातलं दिसलं नाही, तर तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच.

६. एकोणीस वर्षांच्या अनुभवावरून सुचवितो की, एका प्रश्नात एकाच माणसाबद्दल विचारावे. 'माहीत नाही' अशी जागा ठेवावी. ती असती तर मी तीच भरली असती, असं आपलं मला वाटतं. "आपुलकीने वागतात का" याऐवजी "मूल किती वाजता घरी पोहोचते" असे विचारावे. ते आईबापांना सांगता येतं, आणि सांगता सांगता त्यांनाच कळतं. फॉर्मच्या डोक्यावर एक सूचना छापावी : 'मुलाला विचारून भरा. ते बोलत असताना मध्ये बोलू नका.' हे नियमात बसत नसल्यास वगळावे.

७. आता तिची आई तिला चालत शाळेत सोडते. बसचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटला. पण मुलगी माझ्याशी बोलत नाही. त्या खुणेपासून आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. मी बोललो तर ऐकते, ताट वाढलं तर जेवते, आणि उठून जाते. मागच्या आठवड्यात मी एका कोऱ्या पानावर वरती लिहिलं : 'बसमध्ये काय होतं?' खाली 'हो' नाही, 'नाही' नाही, चौकोन नाहीत. अख्खं पान मोकळं. ते तिच्या वहीवर ठेवलं आणि बाहेर जाऊन बसलो. तीन दिवस पान तसंच होतं. चौथ्या दिवशी ते माझ्या पेनाखाली सापडलं. एकच ओळ लिहिली होती. "बाबा, तुम्ही तर हो लिहिलंय."

८. सबब विनंती की, माझा मूळ फॉर्म मला परत मिळावा. नवा कोरा फॉर्म नको, तिने पाहिलेला तोच हवा. तो कार्यालयाबाहेर देता येत नसेल, तर आम्हा दोघांना आपल्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहू द्यावं. ती खूण मला तिच्या डोळ्यांदेखत खोडायची आहे. आपली टक्केवारी बिघडेल याची जाणीव आहे. त्यानंतर तिला काही बोलावंसं वाटलं, तर कितीही वेळ लागो, मी तिचा शब्द पुरा करणार नाही. आपणही करू नये.

आपला नम्र,

(सही)
फाटकाबाहेरच्या टेबलावरचा अर्ज लिहिणारा,
पाचवीतल्या एका मुलीचा बाप

दिनांक : आजचाच, अठ्ठेचाळिसावा दिवस

सोबत :
१) आपल्या पत्राची प्रत.
२) 'आमचा होकार भाऊंनी भरला, आम्हाला विचारलं नव्हतं' असे सव्वीस पालकांच्या सह्यांचे निवेदन. (हेही मीच लिहिले आहे. या वेळी प्रत्येकाला वाचून दाखवले.)
३) मुलीच्या पानाची प्रत. मूळ पान देता येणार नाही. त्यावर अजून बरीच जागा शिल्लक आहे.