मोहाखालचा पाला

१८ फेब्रुवारी
थंडी गेली म्हणून गोधड्या धुतल्या, आणि पहाटे कुडकुडले. बांधावरच्या पळसाला मात्र थंडीचं काही नाही. पान एक नाही, नुसती केशरी फुलं! इवलासा शिंजीर पक्षी दिवसभर त्यातच. बघता बघता माझी भाकरी करपली. सासू म्हणाली, "आते पळस खाशी का?"

५ मार्च
आमच्या मोहाखाली गेले तर पायाजवळून रातवा उडाला. अगदी पाल्याच्या रंगाचा, दिसलाच नव्हता. घरटं वगैरे काही नाही — पाल्यावर तशीच दोन अंडी. फिकट गुलाबी, डागांची. इतका आनंद झाला की एकटीच हसत बसले.
मग आठवलं. मोह पडायच्या आधी आम्ही खालचा पाला जाळतो. दरवर्षी. जागा साफ असली की फुलं पटापट वेचली जातात.

६ मार्च
सांगितलं. सासू, म्हणजे भुरीबाई, काडेपेटी घेऊनच उभी. "तुले याड लागनं का? एक पाखरूसाठे बठ्ठा मोह पाल्यात घालू?" रुपसिंगकडे बघितलं. आमचे नवरोबा आम्हा दोघींच्या मध्ये कधी तोंड उघडत नाहीत. शेवटी मीच म्हटलं, जाळू नका माय, मी झाडते.
"झाड मंग."

७ मार्च
झाडलं. कंबरेचे तुकडे झाले. अंड्यांभोवती खाटेएवढा पाला ठेवलाय. त्यात पडतील ती फुलं गेली. जाऊ देत.

१२ मार्च
मोह पडायला लागला. टोपलीभर गोड वास. फुलं तिच्या पाठीवर पडतात तरी रातव्याची मादी हलत नाही. बाई आहे की दगड!

१९ मार्च
अंडी नाहीत. टरफलसुद्धा नाही. मुंगूस असेल, नाहीतर साप. खूप रडले. सासूला बोलले नाही. तिचे टोमणे आज सोसवले नसते.

२० मार्च
सासू सकाळीच घरोघर गूळ वाटून आली. शेजारीण माझ्या पोटाकडे बघतेय! मी विचारलं, माय, हे कशाचं?
म्हणाली, "दोन पिल्लं निंघनात. पाल्याखाल दडेल शेतस. मी रोज जास ना देखाले."