मार्शलची गोचीड आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या

२६ एप्रिल
आमच्या कुत्र्याच्या, मार्शलच्या, कानामागे गोचीड. वाटाण्याएवढी. हे प्रकरण आजपासून मी स्वतः हातात घेतलं आहे. वल्येवो शहरातल्या जॅम कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. एकही अपघात नाही. (तुटलेली बोटं मोजायची नाहीत.)
सहा मेला आमच्या घराण्याच्या संताचा सण. चाळीस पाहुणे. गेल्या वर्षी पावाला आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्रीबाबांच्या दाढीत गोचीड सापडली होती. ती आमच्याच कुत्र्याची होती हे अजून सिद्ध झालेलं नाही.
विदा म्हणाली, जनावरांच्या डॉक्टर यागोदाकडे घेऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे. बायको गुणी आहे, पण सुरक्षेतलं तिला काही कळत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विदाची मांजर मित्सा पुन्हा माझ्या मानेवर. रोज टीव्ही लावला की मफलरसारखी पसरते आणि कान चाटते. मला मांजरं आवडत नाहीत. उद्यापासून हे बंद.

२८ एप्रिल
ओब्राद भेटला. आमच्या लग्नातला साक्षीदार, पट्टीचा शिकारी. त्याच्या कुत्र्याच्या औषधाची एक कुपी उरली होती, ती दिली. मानेवर ओतायची, की गोचिड्या, पिसवा सगळं साफ. वर लिहिलंय, २५ ते ४० किलोच्या कुत्र्यासाठी. मार्शल नऊ किलोचा. म्हणजे पाव कुपी मार्शलला, उरलेली पुढच्या तीन वेळांना. ही युक्ती अजून कुणाला कशी सुचली नाही?
विदाने खोका उलटून पाहिला. मांजराचं चित्र, त्यावर लाल फुली. म्हणाली, मिलुटिन, हे मांजराला विष आहे विष! दोघं एका टोपलीत झोपतात, ती त्याला चाटत असते. माझ्या मित्साला काही झालं ना, तर चाळीस जणांसाठी कोबीच्या पानांत खिमा तू गुंडाळत बस. मी चालले नीशला बहिणीकडे, कायमची.
शांतपणे समजावलं की फुली मांजराला लावण्यावर आहे. मी कुठे मांजराला लावतोय?
तिने कपाळावर हात मारला. मला वाटतं पटलं असावं.

३० एप्रिल
योजना तयार. औषध लावल्यावर मार्शल अंगणात, मित्सा सासूबाईंच्या खोलीत. याला विलगीकरण म्हणतात. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मांजर राहू दे, पण खिडकी उघडाल तर याद राखा.
पाण्याने सराव केला. पाणी माझ्या बाहीत गेलं. बाकी सराव यशस्वी.
मित्सा मानेवर. उद्यापासून नक्की.

२ मे
पुन्हा सराव. मार्शल कपाटाखाली. मीही अर्धा कपाटाखाली. मला ओढून काढायला ओब्रादला बोलवावं लागलं. कपाट चुकीच्या जागी आहे, असा शेरा मी नोंदवला.

४ मे, सकाळ
विदा कोकरू आणायला बाजारात. हीच वेळ.
हातमोजे, चष्मा, कारखान्याचं हेल्मेट. खोक्यावर लिहिलंय, हवेशीर जागी वापरा. सूचना म्हणजे सूचना. अंगणाकडची खिडकी उघडली, रस्त्याकडचीही उघडली.
आमच्याकडे माणसं युद्धाला भीत नाहीत, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की बोबडी वळते. सासूबाईंच्या हिशेबाने त्यांचे यजमान, दोन दीर आणि रेल्वेतला एक अनोळखी गृहस्थ असे चौघे वाऱ्याच्या झोताने गेले. निव्वळ अडाणीपणा.
मार्शलला मांडीत धरलं. कुपी उघडली. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या आणि ओरडल्या, जावईबापू, वारा! मारताय का सगळ्यांना? वाऱ्याने दार धाडकन आपटलं. मार्शल उडाला, माझा हात उडाला, आणि थोडं औषध माझ्या मानेवर सांडलं. थोडं म्हणजे सगळं.
मार्शल कोरडा ठणठणीत.
फडक्याने पुसून घेतलं. शर्ट बदलला नाही. बदलला असता तर विदाने कारण विचारलं असतं.

४ मे, संध्याकाळ
विदा म्हणाली, कसला वास येतोय? म्हटलं, आफ्टरशेव्ह.
मित्सा मानेवर. हाकलणार होतो, पण बातम्या चालू होत्या. आज कान सोडून मानच चाटत होती. स्वारी फारच लाडात.
विलगीकरण मार्शलसाठी होतं. मार्शलला काही लावलेलंच नाही, तेव्हा विलगीकरण रद्द. यात चूक कुठेच नाही.

५ मे
मित्सा थरथरतेय. कान फडफडतायत, तोंडातून लाळ, पाय सरळ पडत नाहीत.
विदाने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. एकतीस वर्षांत इतका छोटा अपघात-अहवाल मी दिला नव्हता.
तिने सरळ गाडीची किल्ली उचलली. त्यानेच घाबरलो. गाडीत ती चालवत होती, मी मागे, खोक्यात मित्सा. मित्साला म्हटलं, बरी हो गं बाई, रोज बस मानेवर, बातम्यांना बस, फुटबॉलला बस. डोळ्यांतून पाणी येत होतं. मे महिन्यात हवेत पराग फार असतात.
डॉक्टर यागोदांनी तिला भांड्यांच्या साबणाने धुतलं, थरथर थांबायला इंजेक्शन दिलं आणि ठेवून घेतलं. म्हणाल्या, वेळेवर आणलंत म्हणून वाचेल. मग माझी हजेरी घेतली. मोठ्या कुत्र्याचं औषध छोट्याला नाही, पाव नाही, थेंबभर नाही. घरात मांजर असेल तर आधी विचारायचं, मग कुत्र्याला काय ते लावायचं. आणि काका, हे माणसाला तर अजिबात लावायचं नाही.
मग माझा वास घेतला आणि मलाही बेसिनपाशी नेलं. तोच साबण. रांगेतले दोन पूडल कुत्रे बघत होते.
मार्शलसाठी गोळी दिली. विदाने घरी येऊन ती सॉसेजमध्ये खुपसली, त्याने गिळली आणि आणखी एक मागितली. संपलं काम.

६ मे
मित्सा घरी आली. चालते, खाते, मला ओळख देत नाही.
डॉक्टर म्हणाल्या होत्या, कपडे नीट धुऊन होईपर्यंत जरा लांब राहा. विदाने त्याचा अर्थ अंगणातलं उन्हाळी स्वयंपाकघर असा लावला, पाहुणे जाईपर्यंत. पण नीशला गेली नाही. कोबी तिनेच गुंडाळला. देवाची कृपा.
तर घराण्याच्या संताच्या दिवशी घरातला कर्ता पुरुष बादलीवर बसला आहे, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून. इथून सगळं ऐकू येतं. सासूबाई पाहुण्यांना सांगतायत की जावयाने खिडक्या उघडल्या आणि बिचाऱ्या मांजरीला वारा लागला. चाळीसच्या चाळीस माना हलल्या असणार. पाद्रीबाबा म्हणाले, वारा वाईटच. मी खोडून काढलं नाही. हा अहवाल माझ्या अहवालापेक्षा बरा आहे.
ओब्रादने कोकराचा भाजलेला तुकडा काट्याला लावून खिडकीतून दिला आणि हसत पळाला.
मग सासूबाई आल्या. लोकरीची शाल दिली. म्हणाल्या, मानेला गुंडाळा, जावईबापू. शालीवर मित्साचे केस होते.
समोर घराच्या काचेमागे मित्सा दिसली. माझ्याकडेच बघत होती. मी हात हलवला. ती वळली, खुर्चीवर चढली, तिथून पाद्रीबाबांच्या खांद्यावर, आणि त्यांच्या मानेवर ऐसपैस पसरून दाढी चाटू लागली.
मला मांजरं आवडत नाहीत. उद्यापासून बंद म्हणत होतो, ते आजपासूनच झालं.
शाल मानेला घट्ट गुंडाळली. एक खिडकी लावून घेतली. वारा लागत होता.