सावडीचा बैल

बेंगळूर, १० जून १९९८

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप परत आले, पण काम पुरं करून नाही. आपल्या लढाऊ विमानाच्या नियंत्रणाचं काम आम्ही सहाजण अमेरिकेत त्यांच्याच माणसांबरोबर करत होतो. मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली, त्यांचं सरकार रागावलं आणि आम्हाला दोन दिवसांत निघायला सांगितलं. माझ्या दोन वर्षांच्या वह्याही ठेवून घेतल्या.

आता इथले साहेब विचारतात, त्यांच्यावाचून जमेल का? बावीस तारखेला लेखी उत्तर द्यायचंय. आबा, मला धीर होत नाही. पुण्याच्या एका कंपनीत जागा आहे, तिकडे जावं म्हणते. तुम्हाला काय वाटतं?

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.
तुमची शालन

लासुर्णे, १५ जून

चि. शालनला सर्जेरावाचे अनेक आशीर्वाद.

चाचणी झाली तेव्हा मी गावात पाच किलो पेढे वाटले. तिच्यापायीच तुझं बिऱ्हाड उठलं, हे आत्ता कळलं. तरी पेढे वाटल्याचा पस्तावा नाही. तुझी आई म्हणते, वह्या ठिवल्या तर ठिवू द्या, पोरीचं डोकं तर न्हाय ना ठिवून घेतलं? मी तिला शहाणी म्हटलं, तर आजच कळलं का म्हणून फुगून बसली आहे.

तू चौथीत असताना शेजारच्या महिपतीशी आपली सावड होती. एक बैल त्याचा, एक आपला. कारखान्याच्या निवडणुकीत मी त्याच्या पॅनेलला मत दिलं नाही, तर पठ्ठ्यानं अर्ध्या पेरणीतून बैल सोडून नेला. मी त्याच्या दारात गेलो नाही. न शिकवलेला खोंड जुंपला. तासं इतकी वाकडी गेली की गाव बांधावर हसायला आलं. पण ज्वारी उगवली, आणि वर्षभर आपण तीच खाल्ली. पुढं महिपती आपणहून सावडीचं विचारायला आला, तेव्हा दावणीला आपली जोडी होती.

पुण्याची नोकरी चांगलीच असेल. पण अर्ध्या पेरणीतून आता तूच बैल सोडून नेणार असशील, तर मला राग येईल. स्पष्ट लिहितो.

खुशाली कळवत जा.
सर्जेराव

बेंगळूर, २३ जून

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी संताप आला, मग लाज वाटली. काल 'जमेल' असं लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, किती दिवसांत? म्हटलं, ते माहीत नाही, पण जमेल. पुण्याला नकार कळवला.

आज वह्या नव्यानं लिहायला बसले. पहिलं पान काही केल्या आठवेना, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात केली आहे.

लोभ असावा, आणि वेळ पडली तर रागही.
शालन