तुंगा हेच नाव

मलकपेठ, हैदराबाद

प्रणिता वन्सं,

बारशाला आत्याचा मान म्हणून मुलगी तुमच्या हातात दिली. नाव ठरलेलं होतं, पाळण्यामागे झेंडूच्या फुलांनी लिहिलेलंही होतं: तुंगा. तुम्ही मात्र पाहुण्यांसमोर हसत म्हणालात, "हे काय स्वयंपाकीणबाईचं नाव!" आणि बाळाच्या कानात सांगितलंत, कियारा.

वन्सं, ते स्वयंपाकीणबाईचंच नाव आहे. माझ्या आईचं. बाबा गेल्यावर तिने सुलतान बाजारात चार घरी पोळ्या लाटून मला एम.फार्म.पर्यंत शिकवलं. तुम्हाला तिचं नाव ठाऊक नव्हतं, कारण सहा वर्षांत तुम्ही ते कधी विचारलंच नाही. ती तिथेच पाळण्याची दोरी धरून उभी होती. वर मलाच समजावत होती, "ताई बरोबर बोलल्या. माझं नाव नक्को गं, पोरीला शाळेत चिडवतील."

माझ्या आईने माझ्याच घरात स्वतःच्या नावाची लाज बाळगावी? याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

काल आम्ही दोघांनी जाऊन जन्मदाखल्यावर तुंगा लिहून घेतलं. अर्जावर पहिली सही तुमच्या भावाची आहे.

हे पत्र टाकणार नाही. आईला कळलं, तर तीच तुम्हाला फोन करून माफी मागेल.

कालपासून ती बाळाला नुसतं "ए पोरी" म्हणत होती. आज न्हाऊ घालताना मात्र तिने पहिल्यांदा नावाने हाक मारली. आधी अगदी हळू, मग जरा मोठ्याने.

तुमची भावजय,
मेघना